चार नंबरचा एरर

पान उघडलं. ईश्वरने सवयीने टेबलाखाली पाहिलं. निळी केबल तिथे नव्हती. ती सकाळीच गुंडाळून त्याने शोकेसच्या हँडलला अडकवली होती. तरीही समोरच्या जुनाट लॅपटॉपवर फोरमचं पान वरून खाली, ओळीओळीने उतरत होतं. कोपऱ्यातली वायरलेसची छोटी चौकट हिरवी झाली होती. ती चौकट करड्या रंगाची असते अशीच त्याची इतकी वर्षं समजूत होती. छातीत काहीतरी धप्प झालं आणि पहिल्या क्षणी त्याला वाटलं की हा आनंद आहे. मग ते खाली पोटात उतरलं तेव्हा कळलं की आनंद असा उतरत नाही. बाहेरून यावं, कुलूप जसंच्या तसं असावं आणि तरी आत कुणीतरी येऊन गेलंय हे कळावं, तसं त्याला वाटलं. स्वयंपाकघरातून स्नेहलने नेहमीसारखं, मान न वळवता विचारलं, "झालं का?" आणि ईश्वर म्हणाला, "न्हाई."

तो शब्द ठरवून आलेला नव्हता. गुरुवारी रांजणगावच्या कंपनीला सुट्टी, गुरुवारी ईश्वर बाल्कनीजवळच्या टेबलावर, आणि गुरुवारी हा प्रश्न आणि हे उत्तर. त्याला आता अर्थ उरला नव्हता, नुसता ठेका उरला होता. स्नेहलला कॉम्प्युटरशी देणंघेणं नव्हतं, तिला केबल जायला हवी होती. राउटर हॉलमध्ये टीव्हीखाली, लॅपटॉप बाल्कनीशी, आणि मधून दोन दारं ओलांडत जाणारी ती केबल. तिच्यात पाय अडकून एकदा स्नेहलच्या हातातली सगळी आमटी फरशीवर गेली होती. "जगातली लोकं बिनवायरीची फिरत्यात, आन् आपल्या घरात साप सोडल्यावानी ही वायर," असं ती आल्यागेल्याला सांगत असे. आल्यागेल्यांत शिरूरच्या बसस्टँडमागच्या या इमारतीतली सगळी बिऱ्हाडं आली. ईश्वर ऐकून न ऐकल्यासारखं करी. एक दिवस मी ती केबल काढून हिच्या हातात देणार, असं तो मनात म्हणे. तो दिवस आज उजाडला होता आणि ती केबल दुसऱ्याच कुणामुळे तरी निघाली होती.

मेरिडियन ही कॉम्प्युटर चालवणारी एक जुनी सिस्टीम. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. जगात ती वापरणारी मोजकीच माणसं उरली आहेत. ती सगळी एका फोरमवर भेटतात, एकमेकांना सांभाळून घेतात आणि बाहेरचं कुणी हसलं की मिळून चिडतात. तिच्या काळात वायरलेस हा प्रकारच नव्हता. त्यामुळे लॅपटॉपमधली वायरलेसची चिप ठणठणीत असली तरी मेरिडियनला ती ओळखू येत नाही. ओळख करून देणारा एक प्रोग्रॅम मधे लिहावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ईश्वर तो लिहीत होता. आजूबाजूच्या वायरलेसची नावं दिसण्यापर्यंत तो पोचला होता: खालच्या मोबाईल शॉपीचं, शेजारच्या बँकवाल्यांचं, समोरच्या इमारतीतल्या कुणा पृथ्वीराजचं. नावं दिसत, पण जोडणी होत नसे. पासवर्डची देवाणघेवाण सुरू व्हायची आणि मधेच तुटायची. तिथे तो अडकला होता आणि खरं सांगायचं तर त्या अडकण्यातही त्याला बरं वाटत असे. फोरमवर कुणीही वायरलेसबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं होतं: ते काम ईश्वर करतोय. पोर्तुगालमधला, कॅनडातला, कुठला कुठला माणूस लिहायचा, ईश्वर करतोय. कंपनीत त्याला कुणी ईश्वर म्हणतसुद्धा नसे, क्वालिटीवाले म्हणत.

आणि आज जोडणी झाली होती ती त्याच्या ड्रायव्हरने नाही. दौंडहून गोकुळने पाठवलेल्या ड्रायव्हरने. गोकुळ म्हणजे त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा मित्र, आता दौंडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्याने आदल्या दिवशी फोरमवर लिहिलं होतं की ईश्वर बिचारा किती दिवस एकटाच झगडतोय, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मीही जरा बघितलं. ती चिप माझ्याकडे नाही, ती ईश्वरच्याच लॅपटॉपात आहे, त्यामुळे हे सगळं मी अंधारात लिहिलंय. चालतं की नाही ते ईश्वर सांगेल, आणि तो हो म्हणाला की मग सगळ्यांसाठी ठेवू. ईश्वरने ते कंपनीच्या बसमध्ये वाचलं होतं, उभ्याने, दांडीला लटकून. 'बिचारा' त्याने गिळला. 'जरा बघितलं' मात्र घशात अडकलं, ते अजून तिथेच होतं.

कारण गोकुळने आयुष्यभर सगळं जराच बघितलं होतं. डिप्लोमाला दोघं दौंडला एका खोलीत राहायचे, रुळांच्या इतक्या जवळ की मालगाडी गेली की कपाटातली भांडी बोलू लागायची. ईश्वर निमोण्याचा, गोकुळ वडगाव रासाईचा, भीमेकाठच्या शेवंतीवाल्यांच्या घरातला. ईश्वर पाठ करायचा आणि गोकुळ परीक्षेला निघताना चपला घालता घालता विचारायचा, "त्या पाचव्या धड्यात काय हाय रं?" आणि ईश्वरने सांगितलेल्या तेवढ्यावर त्याच्याहून चार मार्क जास्त आणायचा. वर तोंड भरून म्हणायचा, तू सांगितलंस म्हणून जमलं. तो खोटं बोलत नसे, हीच तर अडचण होती. त्याच्यात एखादी लबाडी, एखादा माज, हिशेबीपणाचा एखादा डाग सापडावा म्हणून ईश्वरने किती शोध घेतला असेल. काही सापडलं असतं तर रागाला बूड मिळालं असतं. पण गोकुळ गावाकडून आला की निम्मी भाजी न सांगता ईश्वरच्या पिशवीत टाकायचा. रांजणगावला नोकरी लागली तीही गोकुळमुळेच. तो आधी लागला आणि साहेबाला म्हणाला, माझ्यापेक्षा बरा पोरगा हाय, त्याला पण घ्या. साहेबाने घेतलं. मग गोकुळ ती नोकरी सोडून दौंडला मास्तर झाला आणि ईश्वर त्याने मिळवून दिलेल्या जागेवर राहिला, अजून आहे.

आणि स्नेहल. न्हावऱ्याच्या बापूसाहेबांची भाची. ते स्थळ आधी गोकुळला आलं होतं. गोकुळने पत्रिकाही न उघडता सांगितलं होतं, मला इतक्यात करायचं न्हाई, पण निमोण्याचा माझा एक मित्र हाय, त्याला दाखवा. पोहे खायला गोकुळ बरोबर होता, दोन बश्या त्यानेच संपवल्या. ही गोष्ट घरात दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला सांगितली जाते, स्नेहल स्वतः सांगते, आणि सगळे हसतात, ईश्वर सगळ्यांत आधी हसतो. हसता हसता तो तिच्या तोंडाकडे बघतो. तिथे कधी काही दिसलं नाही. तिला गोकुळ भाऊजी आवडतात जसे सगळ्यांना आवडतात, उन्हाळ्यात माठातलं पाणी आवडावं तसे. पण ईश्वरला कधी कधी भात कालवताना एकदम वाटे की या ताटापर्यंत जे जे आलंय ते गोकुळच्या हातून आलंय. त्याने नको म्हटलेलं, किंवा त्याने आधी बघून मग पुढे सरकवलेलं. फक्त मेरिडियनचा ड्रायव्हर तेवढा असा नव्हता. ते काम त्याने स्वतः शोधलं, स्वतः सुरू केलं आणि स्वतःच त्यात अडकून बसला. ते अपुरं होतं, पण त्याचं होतं.

दुपारी गोकुळचा फोन आला. ईश्वरने लॅपटॉपचं झाकण लावलं होतं, जणू फोनमधून दिसणार होतं.

"काय रं, लागलं का?"

"न्हाई लागलं," ईश्वर म्हणाला. सकाळचा शब्द स्नेहलसाठी होता आणि आपसूक आला होता. हा गोकुळसाठी होता आणि तोंडात आल्यावर त्याला चवही होती.

"कुठं थांबतंय?"

"नावं दिसत्यात. पुढं न्हाई जात."

"एरर कुठला देतंय?"

ईश्वरने बाल्कनीतून खाली पाहिलं. समोर एक माणूस टेम्पोतून कोथिंबिरीच्या जुड्या उतरवत होता. "चार," ईश्वर म्हणाला.

पलीकडे गोकुळ आता डोळे मिटून बसला असणार हे ईश्वरला इथून कळत होतं. "चार म्हंजी पासवर्डच्या टायमाला चिप वाट बघत न्हाई," गोकुळ हळू म्हणाला. "मला वाटलं व्हतं ते मी बरोबर धरलंय. चुकलं म्हंजी. बरं, मी परत बघतो. तुझी सुट्टी गेली राव माझ्यापायी."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारणार नाही हे ईश्वरला माहीत होतं, आणि म्हणूनच ते इतकं सोपं होतं. रांजणगावच्या कंपनीत दोघांचं पहिलं मशीन स्प्रिंगा तपासायचं होतं, मेरिडियनवर चालणारं. स्क्रीन वर काचेच्या केबिनमध्ये आणि स्प्रिंग खाली शॉपमध्ये. एकाने वर बसून आकडा सांगायचा, दुसऱ्याने खाली दाब धरून त्या आकड्यावर काय ते ठरवायचं. खालच्याला स्क्रीन दिसत नसे. आणि "काय म्हणालास?" असं परत विचारायची सोय नव्हती, कारण तेवढ्यात दाब हलायचा आणि स्प्रिंग सटकून छताला लागायची. त्यातून त्यांचा नियमच झाला होता: एकाने बघायचं, एकाने विचार करायचा, आणि बघणाऱ्याचा शब्द शेवटचा. मशीन भंगारात गेलं, गोकुळ दौंडला गेला, पण फोनवर काहीही दुरुस्त करायचं असलं की ते अजून असंच करत. गोकुळ खाली उभा होता, दाब धरून. वरून जो आकडा येईल तो त्याच्यासाठी खरा होता. ईश्वरला क्षणभर भीती वाटली, मग त्या भीतीतच कुठेतरी गुदगुली झाली. पहिल्यांदाच गोकुळला एखादी गोष्ट जमत नव्हती.

रविवारी गोकुळने दुसरा ड्रायव्हर पाठवला. ईश्वरने तो पुढच्या गुरुवारी घातला, आणि गंमत म्हणजे हा खरोखरच चालला नाही. चारच्या एररवर इलाज म्हणून गोकुळने बरोबर असलेली गोष्ट बदलली होती. "न्हाई लागलं," ईश्वरने फोनवर सांगितलं, आणि या वेळी ते खरं होतं, त्यामुळे आवाजसुद्धा सरळ निघाला. तिसरा आला, तो खऱ्या उत्तरापासून आणखी लांब गेला. गोकुळ दौंडच्या घरात बसून नसलेल्या भोकाला ठिगळं लावत होता. पहिला ड्रायव्हर ईश्वरने पुसला नव्हता. त्याने तो दुसऱ्या नावाने ठेवला होता. स्नेहल तिच्या बहिणीकडे किंवा बाजारात गेली की तो लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसे, केबलीशिवाय, पहिला ड्रायव्हर सुरू करे, हिरवी चौकट येऊ देई आणि फोरम वाचे. स्नेहल यायच्या आत केबल परत लावलेली असे. स्नेहल एकदा त्या केबलीत अडखळली आणि म्हणाली, "आता तरी टाका की काढून. व्हायचं न्हाई ते तुमच्याच्यानं." ईश्वरला तिचा राग आला नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं, ते त्याच्याच्यानं झालेलं नव्हतं.

त्याला वाटलं होतं की गोकुळ हरला की आपल्याला बरं वाटेल. एक-दोन दिवस वाटलंही. कंपनीच्या बसमध्ये त्याने खिडकीची जागा एका बिहारी पोराला देऊन टाकली, इतकं. पण फोरमवर भलतंच सुरू झालं. गोकुळने मोकळेपणाने लिहिलं की माझं चुकतंय आणि काय चुकतंय ते कळत नाही. त्यावर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. चिप हातात नसताना एवढं करणं म्हणजे कमाल आहे, धीर सोडू नको, आम्ही आहोत. कॅनडाच्या एका म्हाताऱ्याने लिहिलं की असा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. ईश्वर तीन वर्षं अडकला होता तेव्हा त्याला कुणी प्रामाणिक म्हटलं नव्हतं. तो नुसता अडकलेला होता. गोकुळने हरायला घेतलं तर त्याचं हरणंसुद्धा ईश्वरच्या हरण्यापेक्षा उजवं निघालं. हे वाचताना ईश्वरचे कान तापले. इतका निखळ हेवा त्याला गोकुळच्या मार्कांचाही वाटला नव्हता. आणि हे तो वाचत होता गोकुळच्याच ड्रायव्हरवरून, हेही त्याच्या ध्यानात होतं. त्याने फक्त लॅपटॉप थोडा सावलीत सरकवला.

मग त्याच्या डोक्यात आलं की हा पहिला ड्रायव्हर आपण आपला म्हणून का ठेवू नये. चार-दोन ठिकाणी नावं बदलायची, वरखाली करायचं, आणि महिन्याभराने लिहायचं: जमलं. कुणाला कळणार? गोकुळला तर मुळीच नाही, तो पहिला अभिनंदन करेल, शेवंतीची टोपली घेऊन येईल. ईश्वरने एका गुरुवारी फाईल उघडलीसुद्धा. गोकुळचं लिहिणं समोर आलं, सरळ, कुठेही न चाचरलेलं. जिथे ईश्वरने स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये जंगल माजवलं होतं तिथे गोकुळने एक लहानशी गोष्ट केली होती: चिपला उत्तर द्यायला घाई न करता ती पुरती बोलून होईपर्यंत थांबायचं. एवढंच. ईश्वर वाचत राहिला. ते चोरता येण्यासारखं नव्हतं. चोरून ते आपलं होईना, कुठलीही ओळ हलवली की ती मुळात जिथे होती तिथेच शोभली असती असं दिसे. त्याला ते आवडत होतं, हे सगळ्यांत वाईट.

पुढच्या गुरुवारी गोकुळ स्वतःच आला. फोन न करता, चौफुल्यावरून पारगावचा पूल ओलांडून, न्हावऱ्यामार्गे, मोटारसायकलवर. हातात गवारीची पिशवी, खांद्यावर बॅग, केसांत धूळ. जरा वाळला होता. स्नेहलने दार उघडलं आणि मागे त्याची बायको आहे का ते पाहिलं.

"या भाऊजी. ताईंना न्हाई आणलं?"

"तिची ड्युटी हाय, वहिनी. मी म्हटलं आज याचा निकालच लावू. डोक्यातनं जाईना झालंय. वर्गात पोरं काय विचारत्यात आन् मी काय सांगतोय." तो हसला आणि केबल पायाखाली येणार नाही अशी बेताने ओलांडून आत आला. "ही वायर काढायची व्हती मला तुमची. ईश्वर म्हणला व्हता की तुमी पडला व्हतात."

ईश्वरने हे केव्हा सांगितलं होतं त्याला आठवेना. सांगितलं असेल, फोनवर, हसण्यावारी. म्हणजे गोकुळच्या दिवाळीच्या सुट्टीत ही केबल होती. स्नेहल "बघा, भाऊजींना कळतं," असं काहीतरी म्हणाली आणि चहा टाकायला गेली. ईश्वरने केबल काढून बाजूला ठेवली आणि लॅपटॉप सुरू केला. गोकुळने खुर्ची ओढली आणि टेबलाकडे पाठ करून, बाल्कनीकडे तोंड करून बसला. शेजारी बसून बघ की, असं ईश्वर म्हणालाही असता. पण गोकुळला तसं सुचलंच नव्हतं. तो डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसला होता.

"तू बघ," तो म्हणाला. "पार पहिल्यापास्नं घेऊ. पहिला ड्रायव्हर हाय का अजून? तोच टाक. त्यात चार कुठनं येतोय तेवढंच मला कळू दे."

ईश्वरने पहिला ड्रायव्हर घातला. पाठमोऱ्या गोकुळच्या मानेवर उन्हाने रापलेली रेघ होती, कॉलरच्या बरोबर वर. नावं आली. मोबाईल शॉपी, बँकवाले, पृथ्वीराज, आणि त्यांचं स्वतःचं. त्याने पासवर्ड दिला. चौकट करडी होती, मग हिरवी झाली. गोकुळने विचारलं, "काय दिसतंय?"

आताही न्हाई म्हणता आलं असतं. गोकुळने ते ऐकलं असतं, मान हलवली असती आणि संध्याकाळी फोरमवर लिहिलं असतं की हे होण्यातलं नाही, मी सोडून देतो. मग मेरिडियनला वायरलेस कधीच मिळालं नसतं, आणि ईश्वर पुन्हा एकटा अडकायला मोकळा झाला असता. ते सगळं त्याला एका दमात दिसलं. स्नेहल चहा घेऊन आली आणि गोकुळच्या शेजारी स्टुलावर कप ठेवून तिथेच उभी राहिली. तिलाही आता उत्सुकता वाटत होती.

"लागलं," ईश्वर म्हणाला.

गोकुळने डोळे उघडले, पण वळला नाही. "लागलं? पहिलाच?"

"पहिलाच."

"अय्या," स्नेहल म्हणाली, "म्हंजी गेली का वायर?"

हळूहळू गोकुळचा विचार चालू झाला, तो ईश्वरला त्याच्या मानेवरून दिसत होता. "मग माझंच काहीतरी चुकलं तवा," गोकुळ म्हणाला. "पाठवताना फाईल अर्धी गेली आसंल. व्हय, तसंच. कॉलेजच्या लायनीवरनं पाठवली व्हती मी. आन् त्या अर्ध्या फाईलपायी तुझे इतके गुरुवार खाल्ले. माफ कर राव. वहिनी, तुमीपण. मी बावळट."

"आवं, तुमी कशाला माफी मागताय," स्नेहल म्हणाली, "एवढं केलंत तुमी. एवढ्या लांबनं आलात. दुसऱ्या कुणी केलं असतं का?" तिच्या आवाजात जो ओलावा आला तो ईश्वरने आपल्या वाट्याला आलेला कधी ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं. आलाही असेल. त्या घडीला आठवला नाही एवढं खरं. त्याच्या डोक्यात एकदम काहीतरी फिरलं. ड्रायव्हर गोकुळचा. नोकरी गोकुळची. पोह्यांच्या बश्या गोकुळच्या. आणि आता चूकही गोकुळ घेऊन चालला होता, इतक्या सहजपणे, पिशवी उचलावी तशी, आणि वर त्याबद्दल त्याला हा आवाजही मिळत होता. इतके गुरुवार ईश्वरने जे एकट्याने केलं होतं, रात्रंदिवस वागवलं होतं, ते तरी त्याचं होतं. तेही हा घेणार. "तू न्हाई चुकला," ईश्वर म्हणाला. त्याचा आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "फाईल आख्खी आली व्हती. पहिल्याच दिवशी लागलं व्हतं. चार नंबर मी सांगितला. चार आलाच नव्हता."

स्नेहल म्हणाली, "म्हंजी?"

"का?" गोकुळने विचारलं. अजून पाठ तशीच होती.

"तू केलंस म्हणून. मला तुझा हेवा वाटतो. आज न्हाई, पहिल्यापास्नं. दौंडला व्हतो तवापास्नं."

बोलून झाल्यावर ईश्वरला हलकं वाटलं नाही, तसं वाटतं असं तो ऐकून होता. त्याला वाटलं गोकुळ आता उठेल, ओरडेल, निदान शिवी देईल. शिवी चालली असती. गोकुळने कप उचलला, अर्धा प्याला, खाली ठेवला.

"मग परत सांग," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्या दिवशी काय दिसलं ते. मला कुठं कळालं व्हतं. सगळं सांग."

ईश्वर सांगू लागला. आधी शोकेसला केबल अडकवली ते. मग नावं आली ते. पासवर्ड दिल्यावर चौकट किती वेळ करडी राहिली, आणि हिरवी कशी झाली, आधी एक कोपरा आणि मग सगळी. पान कसं उतरलं, ओळीओळीने, आणि मधे एकदा थांबून परत. गोकुळ मान खाली घालून ऐकत होता. मधेच त्याने विचारलं, "थांबलं कितीसं?" आणि ईश्वरने सांगितल्यावर "हां, बरोबर," असं स्वतःशी म्हणाला, आणि त्याच्या गालावर हसू आलेलं ईश्वरला बाजूने दिसलं. इतकं झाल्यावरही त्याला आनंद होत होता. ईश्वरला त्या आनंदाचाही हेवा वाटला, लाज वाटत असतानाच वाटला. दोन्ही एका वेळी वाटू शकतात हे त्याला नव्याने कळलं. सांगण्यासारखं संपलं तेव्हा तो थांबला. गोकुळच्या चेहऱ्यावरचं हसू थोडा वेळ राहिलं आणि मग उतरलं.

"बास," गोकुळ म्हणाला. तो उठला, बॅग खांद्याला लावली. स्क्रीनकडे त्याने पाहिलं नाही.

"जेवून जावा की भाऊजी," स्नेहल म्हणाली. ती ईश्वरकडे बघत नव्हती. "भाकरी टाकतेच हाय."

"नको वहिनी. उन्हाच्या आत न्हावरं गाठतो. गवार कवळी हाय, आजच करा."

ईश्वर जिन्यापर्यंत गेला. गोकुळ खाली उतरला, हेल्मेट घातलं, मोटारसायकल वळवली आणि निघाला. त्याने हात केला नाही, आणि विसरल्यासारखंही केलं नाही. ईश्वर वर आला तेव्हा स्नेहल केबल कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळत होती, दोरी गुंडाळतात तशी. ती केव्हाची जायला हवी होती तिला. आता तिने ती माळ्यावर टाकली, हात झटकले आणि गवार निवडायला बसली.

गोकुळचा फोन आला नाही. शनिवारी ईश्वरने बाल्कनीत बसून फोरम उघडला. गोकुळने पहिला ड्रायव्हर सगळ्यांसाठी ठेवला होता. मधले सगळे काढून टाकले होते, आणि ते चुकीच्या माहितीवर केले होते एवढंच लिहिलं होतं. कुणाच्या माहितीवर ते लिहिलं नव्हतं. खाली एक ओळ होती. शिरूरच्या लॅपटॉपवर हा चालल्याचं मला सांगण्यात आलं आहे, पण खात्रीसाठी आणखी कुणी तपासून बघेल का?

त्याखाली कॅनडाच्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, अहो, ईश्वरने बघितलंय ना, मग आणखी कशाला? त्याला गोकुळने उत्तर दिलं नव्हतं. पण त्याच्याखाली पोर्तुगालच्याच दुसऱ्या एका माणसाने लिहिलं होतं की माझ्या भावाच्या अडगळीत याच चिपचा एक लॅपटॉप निघालाय. मला यातलं फारसं कळत नाही, पण जे दिसेल ते सांगेन. आणि याला मात्र गोकुळने लगेच लिहिलं होतं: कळायची गरज नाही. तू नुसतं बघ आणि सांग. तू सांगशील ते खरं.

ईश्वरने ते दोनदा वाचलं. घरात स्नेहल फोनवर बहिणीशी बोलत होती, कोपऱ्यातली चौकट हिरवी होती, पान अजिबात अडकत नव्हतं. त्याने त्या पोर्तुगालच्या माणसाच्या नावावर क्लिक करून त्याचं पान उघडलं. फोटो नव्हता. फोरमवर येऊन त्याला एकच महिना झाला होता.